तुर्कस्तानात मतं खरी मोजतात का? मग राष्ट्राध्यक्ष एर्दोआन २०२३ ला जिंकले आणि २०२४ ला त्यांचा पक्ष हरला कसा?

प्रश्न विचारणाऱ्याने युपीएससीची तयारी करतोय असं लिहिलंय आणि तीन गोष्टी एकत्र विचारल्यात. पहिली, २०२३ च्या मे महिन्यात महागाईने लोक मेटाकुटीला आलेले, तीनच महिन्यांपूर्वी भूकंपात पन्नास हजारांवर माणसं गेलेली, तरी एर्दोआन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले कसे, आणि दहा महिन्यांत त्यांचाच पक्ष स्थानिक निवडणुकांत इस्तंबूल-अंकारासकट हरला कसा, म्हणजे मतमोजणीत गडबड असते का. दुसरी, नेटोत असून रशियाकडून क्षेपणास्त्रं घेणारा हा देश नक्की कुणाच्या बाजूचा. तिसरी, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं बंद केली त्याचा तिकडे काही फरक पडला का.

मी गेली चौदा वर्षं भारतीय निर्यातदारांसाठी तुर्कस्तानच्या जोखमीचे अहवाल लिहितोय, त्यातली पाच वर्षं इस्तंबूलला उस्कुदार भागात भाड्याने राहिलो. त्यामुळे जे लिहितोय ते थोडं वाचून आणि बरंचसं बघून. एक आधीच सांगतो, २०२३ ला माझा अंदाज चुकला होता. विरोधकांचे उमेदवार किलिचदारोलू जिंकतील असं मी माझ्या ग्राहकांना लिहून दिलं होतं, काहींनी त्यावर लिराचे, म्हणजे तिथल्या चलनाचे, सौदे केले आणि त्यांना फटका बसला. तो अहवाल मी नंतर किती वेळा उघडून वाचलाय, आणि खाली जे सांगतोय ते बरंचसं त्या चुकीतूनच आलंय.

आधी मतमोजणी. तुर्कीत मतपेटीला ‘सांदिक’ म्हणतात, आपली संदूक तीच. मशीन नाही, कागद आणि शिक्का, आणि मतपत्रिका पाकिटात घालून पेटीत टाकायची. संध्याकाळी पाचला मतदान संपलं की त्याच शाळेच्या त्याच वर्गात मोजणी सुरू होते, पेटी दुसरीकडे हलवतच नाहीत. मी परदेशी, मला आत बसता यायचं नाही, पण एकदा ऑफिसातल्या सहकाऱ्याबरोबर दारात उभा राहून पाहिलंय. बाकावर पाकिटांचा ढीग, केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका डोक्याच्या वर धरून सगळ्यांना दाखवतात, नाव मोठ्याने वाचतात, दुसरा माणूस तक्त्यावर रेघ मारतो, आणि वेगवेगळ्या पक्षांचे लोक आपापल्या वहीत तीच रेघ मारत असतात. शेवटी आकड्यांचा कागद होतो, त्यावर सगळ्यांच्या सह्या, प्रत्येक पक्षाला प्रत. त्याला ते ‘ओल्या सहीचा’ कागद म्हणतात, आणि तो मोबाईलवर फोटो काढून पक्षाच्या ऑफिसला जातो. एवढ्या लोकांसमोर झालेली मोजणी देशभर एकदम उलटी करणं फार अवघड आहे. म्हणून माझं मत असं की पेटीतली मतं साधारण खरी मोजली जातात. कुठे गडबड होतच नाही असं मी म्हणत नाही, २०१७ च्या सार्वमतात शिक्का नसलेल्या मतपत्रिका निवडणूक मंडळाने मतदानाच्या दिवशीच ऐनवेळी वैध ठरवल्या आणि निकाल लागला ५१.४ टक्क्यांवर, त्याबद्दलचा राग अजून लोकांच्या मनात आहे.

खरी गडबड पेटीच्या आधी आणि पेटीच्या नंतर असते. आधी म्हणजे टीव्ही, कोर्ट, तुरुंग. २०२३ च्या एप्रिल महिन्यात सरकारी टीव्हीने एर्दोआनना सुमारे ३२ तास दाखवलं आणि किलिचदारोलूंना ३२ मिनिटं, हा आकडा प्रसारण नियामक मंडळातल्या विरोधी पक्षाच्या सदस्यानेच जाहीर केला होता. कुर्द या तिथल्या मोठ्या अल्पसंख्य समाजाचे लोकप्रिय नेते देमिर्ताश तेव्हा २०१६ च्या नोव्हेंबरपासून तुरुंगात होते. आणि नंतर म्हणजे २०१९ चं इस्तंबूल. महापौरपदाला विरोधकांचे इमामोलू १३ हजारांच्या थोड्या वर मतांनी जिंकले, निवडणूक मंडळाने निवडणूकच रद्द केली, कारण काय तर काही केंद्राध्यक्ष सरकारी नोकर नव्हते. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे ही, मतदाराने एकाच पाकिटात वेगवेगळ्या पदांच्या मतपत्रिका घातलेल्या, त्याच केंद्रावर त्याच अध्यक्षाने त्या मोजलेल्या, आणि त्यातली फक्त महापौराची तेवढी बाद, बाकीच्या चालतात. लोकांना हे लागलं. जूनमध्ये परत मतदान झालं तेव्हा तेरा हजारांचं अंतर आठ लाखांच्या वर गेलं. त्या रात्री आमच्या गल्लीत जे एर्दोआनना मत देणारे म्हणून मला माहीत होते त्यातलेही दोघेतिघे म्हणाले, हे बरोबर नव्हतं केलं. तुर्की माणूस आपल्या मताबद्दल फार हळवा आहे, ८५ टक्क्यांच्या वर मतदान तिथे अनेकदा होतं, त्याचा कौल कुणी फिरवला तर तो आपला-परका बघत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘धार्मिक विरुद्ध सेक्युलर’ हा चष्मा आपल्याकडचे बहुतेक लेख लावतात, आणि मीही २०२३ पर्यंत थोडाफार तोच लावत होतो. तो चष्मा पूर्ण चुकीचा नाही, पण त्याने निकाल कळत नाहीत. निकाल कळायला एकच गोष्ट बघायची, पन्नास टक्के अधिक एक मत. तुर्कीत हा बोलण्यातलाच शब्द आहे, ‘एल्ली आर्ती बीर’, चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतो.

त्याचं मूळ थोडं मागे आहे. १९८० च्या लष्करी बंडानंतर संसदेत यायला देशभरात १० टक्के मतं हवीत असा नियम झाला, छोटे पक्ष आणि विशेषतः कुर्द बाहेर राहावेत म्हणून. २००२ मध्ये याचा फायदा भलत्यालाच झाला. एर्दोआनचा एकेपी म्हणजे न्याय आणि विकास पक्ष तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा, त्याला ३४ टक्के मतं पडली आणि ५५० पैकी ३६३ जागा, कारण जुने पक्ष एकामागून एक १० टक्क्यांच्या खाली बुडाले आणि आत दोनच पक्ष उरले, हा आणि अतातुर्कचा सीएचपी, जो पुढे मुख्य विरोधी पक्ष राहिला. जवळजवळ ४५ टक्के मतं वाया गेली. म्हणजे त्या पद्धतीत ३५-४० टक्क्यांवर निवांत राज्य करता येत होतं. मग २०१७ च्या सार्वमताने पंतप्रधानपद गेलं, सगळी सत्ता थेट निवडून येणाऱ्या राष्ट्राध्यक्षाकडे आली, आणि तिथे ३५-४० टक्के पुरत नाहीत, अर्ध्याहून जास्त लागतात. ताकद वाढली पण त्याच घासात परावलंबनही आलं. २०२३ ला एकेपीला संसदेसाठी ३५.६ टक्के मतं होती, एर्दोआनना स्वतःला पहिल्या फेरीत ४९.५. मधली तफावत कोण भरतं? मुख्यतः देवलेत बाहचेली यांचा कट्टर राष्ट्रवादी एमएचपी, त्याची मतं १० टक्के. १९९७ पासून तो पक्ष चालवणारा हा म्हातारा माणूस स्वतः कधी राष्ट्राध्यक्ष होणार नाही, पण २०१६ पासून तुर्कस्तानात त्याच्या इच्छेविरुद्ध मोठं काही झालेलं मला तरी आठवत नाही.

दुसऱ्या बाजूला बेरीज आणखी कठीण. सीएचपीची पंचवीसेक टक्के, मग राष्ट्रवादी इयी पक्ष, मग एकेपीतून फुटलेले दोन छोटे पक्ष, एक जुना इस्लामी पक्ष, आणि कुर्दांची दहा टक्के. कुर्दांशिवाय पन्नास होत नाहीत आणि कुर्दांना उघड बरोबर घेतलं की राष्ट्रवादी पळतात. विरोधकांच्या सहा पक्षांच्या आघाडीत, जिला तिथे ‘टेबल’ म्हणायचे, म्हणून कुर्दांना खुर्चीच नव्हती, त्यांनी बाहेरून पाठिंबा दिला. त्यात मार्चमध्ये इयी पक्षाच्या आक्शेनेर टेबल सोडून गेल्या आणि तीन दिवसांत परत आल्या, लोकांनी ते पाहिलं. एर्दोआननी प्रचारसभांत एकच धरून ठेवलं, हे अतिरेक्यांबरोबर आहेत, एका सभेत तर पीकेके या कुर्दांच्या सशस्त्र संघटनेच्या नेत्याची चित्रफीत विरोधकांच्या जाहिरातीला जोडून पडद्यावर दाखवली. पहिल्या फेरीत किलिचदारोलू ४४.९ वर थांबले आणि सिनान ओआन नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला राष्ट्रवादी उमेदवार ५.२ टक्के घेऊन गेला. मग दोन आठवड्यांत किलिचदारोलूंनी निर्वासितांविरुद्ध भाषा कडक केली, ओआनच्या मतांसाठी, तिकडे दियारबाकिरसारख्या कुर्द शहरांत मतदानाचा टक्का घसरला, आणि ओआन स्वतः एर्दोआनकडे गेले. शेवट ५२.२ विरुद्ध ४७.८.

महागाईचं काय, हा तुमचा मुद्दा. सरकारी आकड्याप्रमाणे २०२२ च्या ऑक्टोबरात महागाईचा वार्षिक दर ८५ टक्क्यांवर होता. व्याज वाढवलं की महागाई वाढते असं एर्दोआनचं म्हणणं, त्यामुळे जगभर व्याजदर चढत असताना तिथे १९ वरून उतरवत उतरवत मतदानाआधी ८.५ वर आणलेले. पण मी माझ्या बिल्डिंगखालच्या किराणा दुकानात रोज जायचो, त्याला तिथे ‘बक्काल’ म्हणतात, आणि गल्ल्याशेजारी एक जाड उधारीची वही असायची. त्या वहीतून मला जे कळलं ते चार्टमधून कळलं नव्हतं. नोकरी करणाऱ्याची उधारी फिरत राहायची, पगार झाला की चुकवायचा, कारण सरकारने किमान वेतन एका वर्षात जवळपास दुप्पट केलं, २०२३ च्या जानेवारीत ते ८,५०६ लिरा झालं. स्वस्त कर्ज होतं, त्यामुळे कामधंदा बंद पडला नव्हता. वयाची अट काढून वीसेक लाख लोकांना लवकर पेन्शनचा रस्ता मोकळा केला, मे महिन्यात घरगुती गॅसचं बिल माफ. दर महिन्याला बिल फाडणाऱ्या माणसाला महागाईचा राग येतो, पण नोकरी जाण्याची भीती त्याहून मोठी असते. त्यात विरोधी टेबलावर सहा जण, उद्या हे एकमेकांत भांडले तर काय, हा प्रश्न मला बक्कालवाल्याने दोनदा विचारला होता आणि मी तो अहवालात घेतला नाही. भूकंपाचंही तसंच. बाहेरून वाटलं राग येईल, पण कंटेनरमध्ये राहणाऱ्या माणसाला घर कोण बांधून देईल एवढंच दिसत होतं, आणि वर्षभरात घरं देतो असं छातीठोक सांगणारा एकच होता. भूकंपाच्या केंद्रावरच्या काहरामानमाराशने एर्दोआनना ७० टक्क्यांच्या वर मतं दिली. अर्थात तो प्रांत पूर्वीपासूनच त्यांचा, हेही धरायला हवं, हातायमध्ये जवळपास निम्मी-निम्मी विभागणी होती.

मग २०२४ ला काय बदललं? दोन गोष्टी, आणि दोन्ही साध्या. पहिली, निवडून आल्यावर मेहमेत शिमशेकना अर्थमंत्री केलं आणि व्याजदर उलटे फिरले, मार्च २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर. स्वस्त कर्ज संपलं. किमान वेतन १७,००२ लिरा, पण किमान पेन्शन १०,०००. माझ्या शेजारचे आजोबा, आयुष्यभर एर्दोआनचे मतदार, १९९४ ला एर्दोआन इस्तंबूलचे महापौर झाले तेव्हा त्यांच्यासाठी दारोदार फिरलेले, त्या हिवाळ्यात बक्कालकडे पांढरं चीज पूर्ण किलो न घेता दोनशे ग्रॅम मागायला लागले. ३१ मार्चला ते मतदानालाच गेले नाहीत. त्यांच्यासारखे किती, ते मतदानाच्या टक्क्यावरून बघा, ८७ वरून ७८ वर आला. दुसरी गोष्ट, स्थानिक निवडणुकीत पन्नास अधिक एक लागत नाही, एकच फेरी, सगळ्यात जास्त मतं त्याची खुर्ची. म्हणजे विरोधकांना टेबल मांडायची गरजच नव्हती, मतदारांनी आपणहून जो जिंकू शकतो त्याला मत दिलं, कुर्दांनीही इस्तंबूलमध्ये तसंच केलं. सीएचपी ३७.८, एकेपी ३५.५, आणि सीएचपी देशात पहिल्या नंबरवर आला १९७७ नंतर पहिल्यांदा. आमचं उस्कुदारसुद्धा गेलं त्यांच्याकडे, जे होईल असं मला आदल्या दिवशीपर्यंत कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

तर २०२३ ला एकेपी जिंकला आणि २०२४ ला लोकांचं मन बदललं असं नाही. त्याचा स्वतःचा वाटा दोन्ही वेळा पस्तीस टक्क्यांच्या आसपास होता. काही जण घरी बसले, पण मुख्य म्हणजे खेळाचे नियम वेगळे होते.

आता परराष्ट्र धोरण, आणि इथेही तीच बेरीज कामाला येते. नऊ दिवसांची एक गोष्ट सांगतो. २०२४ च्या प्रचारात फातिह एर्बाकान यांच्या येनिदेन रेफाह या इस्लामी पक्षाने एकेपीच्या धार्मिक मतदाराला विचारलं, गाझात माणसं मरतायत आणि आपली जहाजं इस्रायलला माल का नेतायत? सरकार महिनोन् महिने टाळत होतं. ३१ मार्चला त्या पक्षाने ६ टक्क्यांच्या वर मतं नेली, ९ एप्रिलला इस्रायलच्या निर्यातीवर निर्बंध आले, मेच्या सुरुवातीला व्यापार पूर्ण बंद. माझ्या ओळखीच्या एका स्टीलवाल्याचा माल तेव्हा मेर्सिन बंदरात अडकला. भाषणं आधीपासून होतीच, निर्णय मतं गेल्यावर झाला.

पण सगळंच मतांवर चालतं असं लिहिलंत तर परीक्षेत चुकेल. दोन थर आहेत. खालचा थर भूगोलाचा, तो कुणीही आलं तरी फार हलत नाही. काळ्या समुद्राचं दार त्यांच्याकडे, १९३६ च्या मोंत्रो करारामुळे युद्धकाळात लढाऊ जहाजांना ते बंद करता येतं आणि २०२२ ला केलंही. सीरियाच्या सीमेवर कुर्दांचं स्वतंत्र राज्य नको, यावर एर्दोआन आणि सीएचपी दोघांचं जवळपास एकमत. सायप्रसचंही तसंच. आणि रशियाला पूर्ण तोडायचं नाही, कारण गॅस तिकडून येतो, आक्कुयुचा अणुप्रकल्प रशियन कंपनी बांधतेय, अंताल्याची हॉटेलं रशियन पर्यटकांवर चालतात. २०१५ च्या नोव्हेंबरात त्यांनी रशियाचं विमान पाडलं, तेव्हा पुतिननी तुर्की टोमॅटोसकट भाजी-फळं बंद केली आणि चार्टर विमानं थांबवली, वर्षभरात रशियन पर्यटक छत्तीसेक लाखांवरून दहा लाखांच्या खाली आले. २०१६ च्या जूनमध्ये एर्दोआननी दिलगिरीचं पत्र पाठवलं. रशियाशी भांडायची किंमत काय, ते टोमॅटोवाल्याने आणि हॉटेलवाल्याने तेव्हा शिकवलं.

वरचा थर मात्र सौद्याचा. रशियाची ती क्षेपणास्त्रं, म्हणजे एस-४००, का घेतली याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात, माझ्या मते जुलै २०१६ चं फसलेलं बंड हे मोठं कारण, त्या रात्री स्वतःच्याच हवाई दलाच्या एफ-१६ नी संसदेवर बॉम्ब टाकले, त्यानंतर पाश्चात्त्यांवरचा विश्वास उडाला आणि पुतिन लगेच फोनवर होते. किंमतही मोजली, २०१९ ला अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानांच्या प्रकल्पातून बाहेर काढलं गेलं. पण नेटो सोडलं का? नाही, आणि सोडणारही नाहीत, १९५२ पासूनची ती विमा पॉलिसी आहे. स्वीडनची नेटो-फाईल दीडेक वर्ष अडवून धरली, २०२४ च्या जानेवारीत संसदेत मंजुरी दिली, आणि लागोलाग अमेरिकेने एफ-१६ च्या विक्रीला हिरवा कंदील दिला. युक्रेनला आपले बायराक्तार ड्रोन विकले, रशियावर निर्बंध लावले नाहीत, आणि धान्याचा करार दोघांना इस्तंबूलला बसवून करून घेतला. म्हणून ‘कुणाच्या बाजूचा’ या प्रश्नाला उत्तर नाही. त्याऐवजी प्रत्येक विषयात विचारा की इथे त्यांना काय मिळतंय आणि घरात त्याची किती मतं आहेत.

पाकिस्तान-भारताचं कोडं यानेच सुटतं. पाकिस्तानला पाठिंबा देणं त्यांना घरात फुकट पडतं, एकही पक्ष त्याविरुद्ध बोलत नाही. जुनी भावनाही आहे, खिलाफत चळवळीत अखंड भारतातल्या मुसलमानांनी पाठवलेला पैसा तिथे आजही आठवतात, फक्त त्याचं श्रेय आता पाकिस्तानला जातं. शिवाय धंदा, पाकिस्तानी नौदलासाठी चार युद्धनौकांचा करार २०१८ चा. मे २०२५ मध्ये आपल्याकडे राग उसळला, मार्केट यार्डात सफरचंदं बंद झाली, तो राग मला समजतो, भूकंपात ‘ऑपरेशन दोस्त’ नेऊन आपल्या जवानांनी ढिगाऱ्यातून माणसं काढली होती. त्या पथकांबद्दल साध्या तुर्की माणसाच्या डोळ्यात कृतज्ञता मी स्वतः पाहिलीय, आणि दोस्त हा शब्द त्यांच्या भाषेतही दोस्तच. पण तुम्ही परिणाम विचारलाय म्हणून सरळ सांगतो, अंकारात फार नाही झाला. बागायतदाराला आणि आयातदाराला टोचला, पण त्या मुद्द्यावर एकेपीचं एकही मत हललं नाही. आणि हिशेब दोन्ही बाजूंनी बघा, २०२३-२४ मध्ये आपण त्यांना साडेसहा अब्ज डॉलरच्या वर माल विकला आणि पावणेचार अब्जांच्या आसपास घेतला. व्यापार पूर्ण थांबला तर जास्त ऑर्डरी आपल्या जातील.

पुढे काय, हे परीक्षेत येईलच. एर्दोआनची मुदत २०२८ ला संपते आणि घटनेप्रमाणे परत उभं राहता येत नाही, अपवाद एकच, संसदेने मुदतपूर्व निवडणूक लावली तर. त्याला ६०० पैकी ३६० मतं लागतात. घटना बदलून सार्वमताला न्यायची तरी ३६०, सार्वमताशिवाय ४००. २०२३ ला त्यांच्या आघाडीकडे होते ३२३. आता हा आकडा डोक्यात ठेवून मागच्या घडामोडी वाचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या बाहचेलींनी वर्षानुवर्षं पीकेकेचा तुरुंगातला संस्थापक ओजालान याला फाशी मागितली त्यांनीच त्याला संसदेत येऊन बोलायला बोलावलं. मे २०२५ मध्ये पीकेकेने संघटना बरखास्त केल्याचं जाहीर केलं, जुलैत उत्तर इराकमध्ये शस्त्रं जाळली. चाळीस वर्षांत चाळीस हजारांवर माणसं गेली त्या लढाईत, ती थांबत असेल तर कुणालाही बरंच वाटेल, मलाही वाटतं. पण कुर्द पक्षाकडे संसदेत पन्नासच्या वर जागा आहेत हेही विसरून चालणार नाही.

आणि त्याच सुमाराला, १८ मार्च २०२५ ला इस्तंबूल विद्यापीठाने इमामोलूंची तीस वर्षांपूर्वीची पदवी रद्द केली, १९ ला पहाटे पोलिसांनी त्यांना घरातून नेलं, २३ ला सिलिव्रीच्या तुरुंगात. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पदवी लागते, हा नियम घटनेतच आहे. पेटीतली मतं खरी मोजतात का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाला हो म्हणतानाच मी आधी आणि नंतर असं का म्हणालो, ते या तीन तारखांत आहे. तुमच्या नोट्समध्ये ३२३ आणि ३६० हे दोन आकडे लिहून ठेवा, आणि मधले ३७ कुठून येतायत त्यावर लक्ष ठेवा.